पहिले तीन महिने कोणाच्या हिशेबात?

गेले अडीच-तीन महिने या स्तंभात आमचा मजकूर आला नाही. काही वाचकांनी फोन करून विचारणा केली, काहींनी थेट संपादकांकडे चौकशी केली. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने तर ‘तुम्हीही गप्प बसायला शिकलात काय?’ असा सवाल केला. त्यांचा राग रास्त होता. आम्ही गप्प बसलो होतो हे खरे आहे. आज त्याचे कारण सांगतो, आणि त्या निमित्ताने जव्हार तालुक्यातील वावरची एक गोष्ट वाचकांपुढे ठेवतो.

कारण असे की लग्नाला पंधरा वर्षे झाल्यावर, वयाच्या ४३ व्या वर्षी, तिसऱ्या प्रयत्नात आम्हाला दिवस गेले आहेत. या स्तंभात आम्ही स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो ती चळवळीची सवय. या वेळी मात्र तो शब्द अक्षरशः खरा आहे. नवरा-बायको दोघे, आणि पोटातले धरले तर तिघे. लोक ज्याला अजूनही टेस्ट ट्यूब बेबी म्हणतात त्या उपचाराने, म्हणजे आयव्हीएफने, हे झाले आहे. हे वर्तमानपत्रात लिहायचे का, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. अखेर लिहायचे ठरले, कारण न लिहिण्याची जी कारणे पुढे आली त्यातले एकही बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून उच्चारण्यासारखे नव्हते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भ्रूण गर्भाशयात सोडले. तिथून पुढे चौदा दिवस काय असतात ते ज्याने काढले त्यालाच ठाऊक. चौदाव्या दिवशी रक्त तपासतात, त्यात एका संप्रेरकाचा आकडा येतो, आणि त्या आकड्यावर घर हसते किंवा रडते. आमच्या घराने त्याआधी दोनदा रडून झाले होते. या वेळी आकडा चांगला आला. पण आकडा चांगला आला म्हणजे भीती गेली असे नाही, भीतीला पत्ता मिळाला एवढेच. दोन दिवसांनी पुन्हा रक्त, तो आकडा दुप्पट झाला की नाही ते पाहायचे. सातव्या आठवड्यात सोनोग्राफी, काळजाचे ठोके दिसतात की नाही ते पाहायचे. रोज प्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन. तेलातले ते औषध कमरेखाली टोचले की गाठ येते आणि कोर्टातल्या लाकडी बाकावर बसवत नाही. लोकलमध्ये शेजारच्या बाईच्या डब्यातल्या बोंबलाचा वास आला की पुढच्या स्टेशनवर उतरायचे. आणि हे कोणाला सांगायचे नाही! उलटतपासणी अर्धी सोडून न्यायाधीशांची परवानगी मागून बाहेर पळालो, तेव्हा समोरच्या वकिलाने ‘मॅडमला मुद्दा सापडत नाही’ असा शेरा मारला. ऐकून घेतले.

सातव्याच आठवड्यात एका संध्याकाळी थोडे रक्त दिसले. रात्री अकराला डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सुरुवातीच्या महिन्यांत बऱ्याच बायकांना असे होते, प्रत्येक वेळी गर्भ पडतोच असे नाही, सकाळी या. सकाळी पडद्यावर ठोके दिसले. ती एक रात्र आम्ही कशी काढली ते लिहीत नाही. एवढेच सांगतो की त्या रात्री उचलायला एक फोन होता आणि सकाळी जायला एक दवाखाना होता. पुढे जे सांगायचे आहे त्यासाठी हे लक्षात ठेवावे.

या सगळ्याला पैसा लागला. एका खेपेला दोन लाखांच्या आसपास, अशा तीन खेपा. आम्ही दोघे कमावते आहोत, डोक्यावर कर्ज आहे, पण कर्ज मिळाले. ज्याला कर्ज मिळत नाही त्याने काय करावे? वाचकहो, एक गोष्ट आपण विसरलो आहोत. शास्त्रीय नोंदीसह जन्मलेले भारतातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात जन्मले. डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी ते घडवले. केईएम हे महानगरपालिकेचे, म्हणजे गिरणी कामगारांचे, झाडूवाल्यांचे, आमच्या आईबापांचे हॉस्पिटल. सुरुवात सार्वजनिक दवाखान्यात झाली आणि नंतरची चाळीस वर्षे बाजार मात्र खासगी दवाखान्यांचा झाला. गोवा मेडिकल कॉलेजने २०२३ पासून हा उपचार मोफत सुरू केला. एवढेसे राज्य करू शकते, तर महाराष्ट्राला कोणी अडवले आहे? २०२१ चा एआरटी कायदा आला, दवाखान्यांची नोंदणी आली, स्त्रीसाठी २१ ते ५० अशी वयाची अट आली. हे योग्यच झाले. परंतु गरिबाच्या वांझपणाचे काय करायचे, यावर तो कायदा अवाक्षर काढत नाही.

‘वांझ’ हा शब्द आम्ही मुद्दाम लिहिला. तो आम्ही ऐकला आहे, आणि मनुवाद्यांच्या वस्तीत नव्हे. विहारात वंदना झाल्यावर चहाच्या वेळी ऐकला आहे. ज्या सावित्रीबाईंच्या जयंतीला आपण भाषणे ठोकतो त्यांना पोटचे मूल नव्हते. जोतिरावांनी आणि त्यांनी एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, आपले म्हटले आणि डॉक्टर केले. तरीही आपल्याच भगिनी बारशाला एखादीला ओटी भरायला पुढे येऊ देत नाहीत. दत्तक का घेतले नाही, असे काही मित्र विचारतात. विचारायचा त्यांना अधिकार आहे. आमचे उत्तर इतकेच की तोही रस्ता आम्ही धरला होता आणि प्रतीक्षायादीत आमचे नाव अजून आहे.

आता त्या गप्प बसण्याकडे येतो. बातमी कळताच सासूबाईंनी पहिले वाक्य उच्चारले ते असे : ‘पोरी, तीन महिने तोंडातून शब्द काढू नको.’ का, तर नजर लागते. सासूबाई १९५६ नंतरच्या पहिल्या पिढीतल्या. घरातले देव त्यांच्या आईने टोपलीत भरून ओढ्यात सोडले, पण ही नजर काही ओढ्यात गेली नाही. शिकलेल्या मैत्रिणींनीही तेच सांगितले, फक्त शब्द वेगळे : ‘काही झाले तर सगळ्यांना परत सांगत बसावे लागते ना!’ या दुसऱ्या कारणात तथ्य आहे. बहुतेक गर्भपात पहिल्या तीन महिन्यांतच होतात, आणि सांत्वनाला येणारे लोक दुःखापेक्षा जड जातात. म्हणून आम्हीही गप्प बसलो. पण या गप्प बसण्याची किंमत सगळीकडे सारखी नसते, हे जानेवारीच्या अखेरीस कळले.

वावर हे नाव जुन्या वाचकांना सांगावे लागणार नाही. १९९२-९३ साली वावर-वांगणीत आदिवासींची मुले कुपोषणाने एकामागून एक दगावली आणि ही गावे देशभर गाजली. मंत्री आले, अधिकारी आले, वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर आले. तेव्हा जिल्हा ठाणे होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला. २०१६ साली शेजारच्या मोखाड्यातून तशाच बातम्या पुन्हा आल्या. वनहक्काच्या दाव्यांसाठी आम्ही काही वर्षे जव्हारला जातो. उपविभागीय समितीपुढे कागद लावणे, सुनावणीला उभे राहणे, हे काम. या वेळी घाटातल्या रस्त्याच्या भीतीने आम्ही गेलो नाही. वास्तविक डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद करा असे कधी म्हटले नव्हते, भीती आमचीच होती. आमच्याऐवजी एक तरुण सहकारी गेला आणि येताना एका दावेदाराच्या सुनेची बातमी घेऊन आला.

ही मुलगी वावरजवळच्या एका पाड्यावरची, वारली. लग्नाला सात वर्षे झाली, मूल नव्हते. भगत झाला, अंगारे झाले, नवऱ्याने दुसरी करावी अशी बोलणीही झाली. ती आम्हाला माहीत होती, कारण सुनावणीच्या दिवशी सासऱ्याचे कागद सांभाळून धरणारी तीच होती, आणि एकदा तिने आम्हाला ‘तुम्हाला पण नाही काय?’ असे विचारले होते. वकीलबाईला असे विचारण्याची हिंमत दुसऱ्या कोणाची झाली नव्हती. दिवाळी झाल्यावर दोघे नेहमीप्रमाणे भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले. पावसाळ्यात घेतलेला बयाणा फेडायचा होता. नागली-वरईचे घरातले पीक जेमतेम काही महिन्यांचे, त्यामुळे जव्हार-मोखाड्याचे पाडेच्या पाडे दिवाळीनंतर ओस पडतात. भट्टीवर असतानाच तिची पाळी चुकली. आमच्या आणि तिच्या तारखेत फार तर आठवड्याचा फरक.

तिनेही कोणाला सांगितले नाही. नजरेची भीती होतीच, मुकादमाचीही होती. जोडप्याचा हिशेब एकत्र चालतो, बाई चिखलात उभी राहिली नाही तर हजार विटांचा आकडा भरत नाही, बयाणा फिटत नाही. दहाव्या आठवड्याच्या सुमारास ती खाली झाली. झोपडीतच. जवळच्या सरकारी दवाखान्याचा रस्ता तिला माहीत नव्हता, आणि कार्ड होते ते वावरच्या अंगणवाडीत. तेही गरोदरपणाचे नव्हे, कारण गरोदर म्हणून तिची नोंदच झाली नव्हती. तिसऱ्या दिवशी ती परत विटा वाहत होती.

येथे एक गोष्ट वकील म्हणून स्पष्ट केली पाहिजे. भट्टीच्या कामामुळेच गर्भ पडला असे आम्ही म्हणणार नाही. पहिल्या तिमाहीत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांतल्या दोषाने पडतात. लाखो रुपये खर्चूनही ते टळत नाही, आमचे पहिले दोन प्रयत्न त्याची साक्ष आहेत. पुराव्याशिवाय आरोप करू नये हे आम्ही अशिलांना सांगतो, तेच स्वतःलाही लागू आहे. परंतु रक्तस्रावाच्या रात्री तिला फोन नव्हता, दवाखाना नव्हता, आणि नंतर सहा दिवसांचीही विश्रांती नव्हती. हे गुणसूत्रांच्या दोषाने झालेले नाही.

आता सरकारी कागद पाहू. नियम सांगतो की गरोदर स्त्रीची नोंदणी १२ आठवड्यांच्या आत व्हावी. आशाताईकडे लघवी तपासायचे निश्चय किट असते. पहिल्या तिमाहीत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी द्यायची असते, लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून. फॉलिक ॲसिड का, तर बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवसापर्यंत मिटते, आणि ती नीट मिटावी म्हणून. २८ वा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे! आम्हाला ही गोळी भ्रूण सोडण्याच्या तीन महिने आधी सुरू झाली होती. भट्टीवरच्या बाईपर्यंत ती केव्हा पोहोचणार? तिची नोंद होते ती साधारण पोट दिसू लागल्यावर, म्हणजे ज्या कामासाठी गोळी आहे ते काम संपून दोन-तीन महिने उलटल्यावर.

आहाराचेही तेच. २०१५ साली राज्याने आदिवासी भागासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. रोज एक वेळचे गरम, चौरस जेवण, अंगणवाडीत. योजना चांगली आहे, आम्ही तिच्या बाजूने लिहिलेही आहे. पण गरोदर स्त्रीला हे जेवण मिळायचे ते शेवटच्या तिमाहीत, असे त्या योजनेने ठरवले. त्याआधी घरी नेण्याचा कोरडा शिधा, तोही नोंद झाली असेल तर आणि घरी असेल तर. २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा उघडून पाहा. कलम ४ मध्ये गरोदरपणाच्या काळात मोफत आहार असे लिहिले आहे, शेवटच्या तीन महिन्यांत असे नाही. त्याच कलमात किमान सहा हजार रुपये मातृत्व लाभ लिहिला आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी मिळतात पाच हजार. उरलेले जननी सुरक्षा योजनेतून भरतात असा सरकारचा हिशेब. आणि तो पहिला हप्ता तरी केव्हा? नोंदणी आणि सहा महिन्यांच्या आत एक तपासणी झाल्यावर. जिचा गर्भ दहाव्या आठवड्यात पडला ती या हिशेबात आलीच कधी?

कायद्याचे डोळेही शेवटाकडेच लागलेले आहेत. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने कष्टाचे काम नाकारण्याचा हक्क दिला तो बाळंतपणाच्या आधीच्या काही आठवड्यांसाठी. पहिल्या तीन महिन्यांत, जेव्हा ओकारीने बाई उभी राहू शकत नाही, तेव्हा असा हक्क नाही. गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांची भरपगारी रजा मात्र त्यात होती. या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत उचलून घेतल्या आहेत. पण ही रजा मागायची कोणी? भट्टीच्या वहीत नाव नवऱ्याचे. बाई कागदावर कामगारच नाही. मग तिचा गर्भपातही कागदावर नाही, आणि रजाही नाही.

येथे बाबासाहेबांचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. बाबासाहेब आणि रमाई यांची पाच मुले. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चार लहानपणीच गेली, यशवंत तेवढे वाचले. राजरत्न गेला तो १९२६ साली. त्यानंतर दोन वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलायला उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा बराचसा भार सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, मुंबई इलाख्यात कायदा झाला. राज्यघटनेच्या ४२ व्या अनुच्छेदात कामाची मानवी परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य ही दोन्ही एकाच वाक्यात आली आहेत. तो कायदा गिरणीतल्या बाईसाठी झाला. भट्टीतली बाई त्याच्या कक्षेत अजून यायची आहे. चळवळीतल्या आपल्या माणसांनीही ‘हा आदिवासींचा प्रश्न आहे’ म्हणून तो बाजूला ठेवला. विटा थापणाऱ्यांत कातकरी, वारली जसे आहेत तसे मराठवाड्यातून आलेले आपले बौद्ध आणि मातंगही आहेत, हे भिवंडीच्या कोणत्याही भट्टीवर जाऊन पाहावे.

सरकार काहीच करत नाही असेही नाही. स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवण्यासाठी महिला व बालविकास विभागाने संगणकीय प्रणाली काढली आहे. पण माग कोणाचा ठेवणार? नोंद झालेलीचा. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्याच्या मरकटवाडीत सातव्या महिन्यात बाळंत झालेल्या मातेची जुळी दगावली, तिला डोलीतून न्यावे लागले, तेव्हा सगळे हळहळले. सातव्या महिन्याची बातमी होते. दहाव्या आठवड्याची होत नाही.

आमचा बारावा आठवडा संपला. गेल्या मंगळवारी सोनोग्राफी झाली. त्या पडद्यावर आता हात दिसतात. पीसीपीएनडीटी कायद्याचा एफ फॉर्म आमच्या नावाने भरला गेला, पान नंबरासह नोंदवहीत गेला. कायद्याचे कागद आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांसाठी भरत आलो, पण त्या दिवशी आपल्याच नावाची ती नोंद बघून डोळ्यांत पाणी आले.

परतल्यावर एक अर्ज लिहायला घेतला. जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला आणि भिवंडीच्या तहसीलदारांना, एकच अर्ज दोन प्रतींत. मागण्या तीन आहेत. पहिली, अमृत आहाराचे गरम जेवण नोंदणीच्या दिवसापासून द्यावे, सातव्या महिन्याची वाट पाहू नये. दुसरी, दिवाळीनंतर भट्ट्या सुरू होताच तिथल्या आशा आणि परिचारिकेने दर पंधरवड्याला निश्चय किट आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेऊन फेरी करावी. नोंद जिथे बाई असेल तिथे व्हावी, कार्ड वावरचे असो की मोखाड्याचे. तिसरी, भट्टीच्या वहीत बाईचे नाव नवऱ्याच्या नावाखाली नव्हे, स्वतंत्र ओळीत लिहावे, म्हणजे सहा आठवड्यांची रजा मागायला तिला जागा राहील.

अर्जात घटना लिहायची तर जिची घटना आहे तिला विचारले पाहिजे. सहकाऱ्याने भट्टीवर जाऊन मुकादमाच्या फोनवरून आमचे बोलणे करून दिले. मागे यंत्राचा आवाज होता. आम्ही आमचीही बातमी तिला सांगितली. न सांगता तिच्याकडून काही मागणे बरे वाटेना. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘बाय, जपून ऱ्हा.’ अर्जाबद्दल तिचे म्हणणे असे की नाव टाकू नका, पण दिवस टाका. तो दिवस तिच्या लक्षात होता. शुक्रवार, बाजाराच्या आदला.

अर्जात तो दिवस टाकला आहे. दोन्ही कार्यालयांची पोच आली की या स्तंभात कळवू.